सगळेच्या सगळे पास

४ मार्च

तीर्थरूप मामा,

नमस्कार. फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघंही एकाच वेळी बोलतो आणि शेवटी मामी फोन काढून घेते. म्हणून तुमच्या गाडीवाल्याच्या हाती पत्र देते आहे.

आनंदाची बातमी अशी की तुमचा अख्खा लॉट पास! एकही पट्टा मागे राहिला नाही. मागचा लॉटही असाच पास झाला होता, पण तेव्हा तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि सगळं मामीच बघत होती, म्हणून कौतुक तुमच्यापर्यंत पोचलं नसेल. इतकी वर्षं मी प्रयोगशाळेच्या या खोलीत तुमचे सुरक्षापट्टे यंत्रावर ओढून बघते आहे आणि दर लॉटमध्ये न चुकता एक पट्टा नापास. एकच, पण नापास! शिवण उसवायची, मी तो बाजूला काढायचे आणि तुम्हाला चिठ्ठी लिहायचे की तुमच्याकडे शिलाई करताना कुणीतरी डुलक्या घेतंय. तुम्ही एकदाही उत्तर दिलं नाहीत. आता मात्र कुणाचे तरी कान उपटलेले दिसतात.

आमच्याकडेही नवीन आहे. यंत्राने पट्ट्यावर किती जोर लावला ते आकड्यात मोजून देणारं एक कार्ड आमच्या कॉम्प्युटरमध्ये असतं. जुनं जळलं, साहेबांनी नवं आणलं. कंपनी म्हणाली, तुमच्या जुन्याच सॉफ्टवेअरवर चालेल, काही बदलायला नको. खरंच, लावलं आणि चालू झालं. त्या दिवशी आमचे साहेब चक्क हसले.

डोळ्याला जपा. चष्म्याशिवाय सुई ओवायला बसता म्हणे. मामी सगळं सांगते मला.

तुमची,
चिमी

६ मार्च

चिमे,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते लिहायला हात वळत नाही.

तुझं कौतुक आणि तुझा अहवाल, दोन्ही याच गाडीने परत पाठवतो आहे. तुला कुणी सांगितलं होतं माझ्यावर उपकार करायला? मामा म्हातारा झाला, डोळ्याला पट्टी लागली, म्हणून कीव आली का? की मामीने रदबदली केली? तिलाही विचारलं. ती तव्यासारखी तापली आणि आता घरात दोघं जण बोलत नाहीत.

बाजारात आधीच कुजबुज असते, याची भाची तिथे बसते, याचे पट्टे पास होणारच. मी छाती काढून सांगायचो, अरे, माझी भाची दर वेळी माझाच एक पट्टा माझ्या तोंडावर फेकते, जाऊन विचारा. आता कोणत्या तोंडाने सांगू?

हा लॉट सगळाच्या सगळा पास होणं शक्य नाही. का नाही ते विचारू नकोस, मला माहीत आहे एवढं पुरे. तुझ्या शिक्क्यावर भरवसा ठेवून माणसं उंच इमारतींच्या काचा पुसायला दोरावर लटकतात. तिथे वशिला चालत नाही. तिथे खाली फरशी असते.

मामा

७ मार्च

मामा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण पहिल्या दोन वेळेला पुढची ओळ दिसेना, इतका राग आला.

लोक नापास झाल्यावर भांडायला येतात. एक माणूस तर मागे टेबलावर मूठ आपटून गेला. पास झाल्यावर भांडणारा या खोलीच्या इतिहासात फक्त माझा सख्खा मामा! आणि आरोप काय, तर वशिला. मी लहान असताना तुमच्या कारखान्यात दोऱ्याच्या रिळांच्या ढिगावर झोपायचे. तिथूनच इथवर आले. तुमचा पट्टा हातात आला की दुसऱ्यांपेक्षा जास्तच वेळ ओढते, कारण मला ठाऊक आहे लोक काय बोलतात ते.

माझ्या मनाचा इथे काही कारभार नाही. पट्टा दोन लोखंडी आकड्यांत अडकवायचा, यंत्र तो ओढत जातं, पडद्यावर ठरलेला जोर दिसला की थांबतं आणि तेवढाच ताण धरून ठेवतं. शिवण टिकली तर पास, उसवली तर नापास. आणि ते यंत्र खरं बोलतंय की नाही हे मी रोज सकाळी तपासते. पहिलं काम तेच. ठरलेलं वजन आकड्याला टांगते आणि पडद्यावर बरोबर तेवढंच दिसतंय ना ते बघते. नवं कार्ड आल्यापासून रोज बरोबर दिसलंय, एक दिवस चुकला नाही.

तेव्हा तुम्हाला जे 'माहीत आहे' ते स्पष्ट लिहा. नाहीतर माफी मागा, आणि मामीचीही मागा.

चिमी

९ मार्च

चिमे,

ठीक आहे, लिहितो. हे मी तुझ्या मामीलाही कधी सांगितलेलं नाही.

दर लॉटमध्ये जो एक पट्टा नापास होतो, तो मीच नापास होण्यासाठी शिवतो. कारखाना बंद झाला की एकटा बसतो. बाकीच्या पट्ट्यांना शिलाईच्या तीन ओळी, त्याला दोनच. तिसऱ्या ओळीच्या जागी नुसती भोकं, वरून पाहिलं तर कळणार नाही. कडीखालची घडी उलटली की आत निळ्या धाग्याची एक गाठ असते, ती माझी खूण. मग तो बाकीच्या पट्ट्यांत मिसळून तुझ्याकडे पाठवतो. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांची ही पद्धत. वाईट पट्टा सापडत नसेल तर तिथून आलेला 'पास' काय चाटायचा आहे?

तू दर वेळी तो पकडायचीस. तुझी चिठ्ठी आली की मला किती बरं वाटायचं ते तुला काय सांगू? आमची शिलाई करणारी पोरं डुलक्या घेतात, असं तू लिहायचीस आणि मी एकटाच हसायचो. चिठ्ठ्या त्यांना दाखवल्या नाहीत, उगाच बिचाऱ्यांना ताप.

या वेळी तो पट्टा तुझा शिक्का आणि तुझी सही घेऊन परत आला आहे. आता तूच सांग, मी दुसरं काय समजायचं होतं? सोबत पाठवतो. घडी उलटून गाठ बघ आणि पुन्हा ओढ.

माफीचं नंतर बघू.

मामा

१२ मार्च

मामा,

पट्टा मिळाला. गाठ पाहिली. आधी तुमच्यावर दात ओठ खाल्ले (इतकी वर्षं मला परीक्षेला बसवलंत आणि सांगितलंही नाहीत!) आणि मग पट्टा यंत्राला लावला.

तो पास झाला. दोन ओळींचा पट्टा, माझ्या डोळ्यांदेखत, पूर्ण जोर पडद्यावर दिसत असताना, जसाच्या तसा. एक टाका हलला नाही.

तेव्हा मला सकाळच्या वजनाचीच शंका आली. सकाळी टांगते ते वजन हलकं आहे, मला एका हाताने उचलता येतं असं. पूर्वी आम्ही एक मोठा लोखंडी ठोकळाही टांगायचो, पण तो उचलायची साखळी तुटली आणि साहेब म्हणाले, छोटं बरोबर दाखवतंय ना, मग मोठंही बरोबरच दाखवणार. तेव्हापासून तो ठोकळा आमचं दार उघडं ठेवायच्या कामाला आहे. परवा शेजारच्या वर्कशॉपमधल्या चौघांना बोलावून तो दारातून काढला आणि टांगला. पडद्यावर वजन आलं दुप्पट! हलकं वजन पुन्हा टांगलं, तर अगदी बरोबर. ठोकळा, तर पुन्हा दुप्पट.

दोन दिवस खपून कारण शोधलं. तुम्हाला कळेल असं लिहिते. आमचा चाचणीचा प्रोग्राम आणि ते कार्ड यांच्यामध्ये एक 'ड्रायव्हर' नावाचं सॉफ्टवेअर असतं, दुभाष्यासारखं. हलकी ओढ असली की कार्डाने ती दुप्पट मोठी करून मोजायची आणि दुभाष्याने आकडा पुन्हा निम्मा करून पडद्यावर दाखवायचा. ओढ वाढली की दुभाष्या सांगतो, आता मोठी करू नकोस, आहे तशी मोज. जुनं कार्ड ऐकायचं. नव्या कार्डाला जुन्या दुभाष्याचा हा एकच हुकूम समजत नाही. समजलं नाही असं सांगतही नाही. ते आपलं दुप्पट करतच राहतं, आणि दुभाष्या मात्र निम्मं करायचं थांबवतो. म्हणजे निम्मा जोर लागला की पडद्यावर पूर्ण जोर दिसतो, आणि यंत्र तिथेच थांबतं. नवं कार्ड आल्यापासून मी इथे सगळ्यांचे पट्टे निम्म्याच जोराने ओढते आहे आणि शिक्के मारते आहे.

कंपनीला फोन केला. म्हटलं, तुम्ही लेखी दिलंय की हे जुन्या ड्रायव्हरशी सुसंगत आहे. तिकडचा माणूस अगदी गोड आवाजात म्हणाला, "बाई, सुसंगत म्हणजे कार्ड ओळखलं जातं आणि प्रोग्राम बंद पडत नाही. आकडा बरोबर येईल असं आम्ही कुठे म्हटलंय?" ओळखलं जातं म्हणे! शेजारची मांजरही मला ओळखते, म्हणून तिच्या हाती मी माझी चाचणी सोपवू का? बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, मामा. बंद पडलेल्या यंत्राने आजवर कुणाला खोटं सांगितलेलं नाही. नवा ड्रायव्हर मागितला तर तो आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसत नाही, आणि आमचा प्रोग्राम जुन्याशिवाय कुणाशी बोलत नाही.

आता नीट वाचा. नवं कार्ड तुमच्या मागच्या लॉटच्या आधी लागलं. त्या लॉटमध्येही सगळे पास झाले होते. त्यातला निळ्या गाठीचा पट्टा कुठे आहे?

चिमी

१५ मार्च

चिमे,

तुझं पत्र वाचलं आणि पायात चपला घालायचंही भान राहिलं नाही.

ऑपरेशनच्या आधी मी तो पट्टा शिवून लॉटमध्ये मिसळला होता. तू दर वेळी पकडतेस, याही वेळी पकडशील, या भरवशावर दवाखान्यात जाऊन पडलो. लॉट तुझ्याकडून आला, सगळ्यांवर शिक्के, आणि मामीने तो आल्या पावली काचा पुसण्याचा ठेका घेणाऱ्याकडे पाठवून दिला. तिचा काय दोष? अहवालात सगळे पास होते. हे मी तिच्यापुढे हात जोडून म्हणालो. आता बोलते आहे.

ठेकेदाराकडे गेलो. काचा पुसणाऱ्या सगळ्या बायका आहेत. त्यांच्या खोलीत भिंतीला खुंट्या, प्रत्येकीच्या खुंटीवर तिचा पट्टा. एकेक घडी उलटत गेलो आणि अगदी दाराजवळच्या खुंटीवर गाठ दिसली. तो पट्टा त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या बाईंचा, बाकीच्या सगळ्या ज्यांचं ऐकतात त्यांचा. मी काढून घ्यायला गेलो तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

"ठेवा तो."

म्हटलं, बाई, हा पट्टा मीच शिवलाय, हा वाईट आहे.

"वाईट आहे तर शिवलात कशाला?"

मी सगळी हकिकत सांगितली, निळी गाठ दाखवली. त्या म्हणाल्या, "मागच्या महिन्यात असाच एक जण गोड बोलून आमचे चांगले पट्टे घेऊन गेला आणि जुने टेकवून गेला. यावर शिक्का आहे, खाली सही आहे. तुम्ही कोण ते मला माहीत नाही. ही सही मला माहीत आहे." तुझी सही, चिमे! त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे म्हणून त्या माझं ऐकेनात. कपाळावर हात मारून घेतला.

ठेकेदार म्हणतो, प्रयोगशाळेचा कागद आणा, मग बघू. आज-उद्या त्यांचं काम तळमजल्यावर आहे. परवा सकाळी नव्या उंच इमारतीवर चढणार.

तेव्हा उलट्या गाडीने कागद पाठव. पण एक ऐक. त्या एकाच पट्ट्याबद्दल लिही. माझे बाकीचे पट्टे तीन ओळींचे आहेत, ते निम्म्याने ओढ की दुपटीने ओढ, हलणार नाहीत. सगळ्या लॉटवर बोट ठेवलंस तर ठेकेदार माझी ऑर्डर काढून घेईल आणि शिलाईच्या मशिनी झाकून ठेवाव्या लागतील. एवढं माझ्यासाठी कर.

मामा

१६ मार्च

मामा,

नाही करणार.

दहा दिवसांपूर्वी वशिला लावला म्हणून तुम्ही माझी सालं काढलीत, आणि आज तोच वशिला मागता? तुमचे पट्टे चांगले आहेत, मला शंका नाही. पण हे तुम्ही म्हणता म्हणून. यंत्राने ते सांगितलेलं नाही. आणि बाकी कारखान्यांचं काय? त्यांच्यात कुणी निळी गाठ मारत नाही. त्यांचा एखादा पट्टा खरोखरच कच्चा असेल तर तो शोधायचा कसा? कुणाच्या खुंटीवर असेल?

सोबतच्या कागदावर मी लिहिलं आहे की नवं कार्ड लागल्यापासून माझ्या सहीने गेलेला एकही शिक्का खरा मानू नये, पट्टे काढून ठेवावेत. हाच कागद त्या काळात पट्टे पाठवणाऱ्या प्रत्येकाला आज सकाळी पाठवला.

आधी साहेबांकडे गेले होते. ठोकळा दाखवला, पडदा दाखवला. ते म्हणाले, "हळू बोला. यापुढे आकडा निम्मा धरत जाऊ. झालं ते झालं." मी म्हटलं, झालेलं आत्ता इमारतींवर लटकतंय, साहेब. तर म्हणाले, कुणी पडल्याची तक्रार आली आहे का? कुणी पडायची वाट बघायची! हा माणूस घरी जिना उतरताना कठड्याला धरत असेल ना, मामा? मग माझा कागद बाहेर गेल्याचं कळल्यावर त्यांचा आवाज एकदम चढला. मला घरी बसायला सांगितलं आहे. शिक्क्यावर आता ते स्वतः सही करणार आहेत. माझा टेबलाचा खण मी रिकामा करत असताना ते दारात उभे राहून बघत होते, जसं काही मी यंत्रच पिशवीत घालून नेणार आहे.

रडले नाही. घरी आल्यावर रडले. पण कागद खरा आहे आणि तो मागे घेणार नाही. ऑर्डर जाईल म्हणून तुम्हाला राग यायचा तर येऊ दे. तो पट्टा मात्र आज संध्याकाळच्या आत त्या बाईंच्या खुंटीवरून उतरवा.

चिमी

१७ मार्च

चिमे, माझ्या बाळा,

गाडीवाला शेजारी उभा आहे, त्यामुळे अक्षर लागलं नाही तर समजून घे. मी त्या उंच इमारतीच्या पायथ्याशी आहे.

काल तुझा कागद घेऊन धावत आलो. अख्खा दिला, एक ओळ झाकली नाही. ऑर्डरचं मी बघून घेईन. तू बरोबर होतीस आणि मला लाज वाटली, एवढंच लिहितो.

बाईंनी कागदावरची सही शिक्क्यावरच्या सहीशी ताडून पाहिली, पट्टा खुंटीवरून काढला आणि ठेकेदाराच्या पुढ्यात ठेवला. मग बाकीच्या सगळ्यांनीही आपापले ठेवले. ठेकेदाराने तुझ्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, काही काळजी करू नका, पाठवून द्या, आजच तपासून देतो. संध्याकाळी सगळे पट्टे तुमच्याकडे गेले. मी म्हटलं, चला, उशिरा का होईना, अक्कल आली. ठोकळा टांगतील, आकडा सुधारतील, आणि निळ्या गाठीचा तेवढा बाजूला निघेल.

आज सकाळी पट्टे परत आले. सगळेच्या सगळे पास.

बाईंनी हात घालून आपला पट्टा शोधला. घडी उलटली. आत निळी गाठ, आणि वर कोरा करकरीत शिक्का, खाली साहेबांची सही. मला वाटलं त्या माझ्यावर ओरडतील. त्या ठेकेदाराकडे वळल्या आणि विचारलं, "यंत्र बदललं का?"

तो म्हणाला, "यंत्र तेच आहे हो. सही बदलली."

बाईंनी पट्टा त्याच्या हातात दिला. बादली उपडी केली आणि तिच्यावर बसल्या. बाकीच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही, एकामागून एक आपापली बादली उपडी करून बसल्या. ठेकेदार पगार कापायचं बोलला, दुसऱ्या बायका आणीन म्हणाला. बाई म्हणाल्या, "आणा. त्यांनाही आम्ही ही गाठ दाखवू." मग मला विचारलं, ती पहिली सही करणारी मुलगी कुठे आहे? मी म्हटलं, घरी बसवली आहे तिला. त्या म्हणाल्या, "बरं. मग आम्हीही बसतो."

ऊन चढलं आहे. दोर वरून नुसते लोंबत आहेत, एकही बाई वर गेलेली नाही. ठेकेदार तुझ्या साहेबांशी फोनवर भांडतोय आणि त्याचा आवाज इथवर ऐकू येतो आहे. मलाही एक बादली मिळाली आहे. गाडीवाल्याला सांगितलं आहे की चिठ्ठी देऊन तिथेच थांब आणि तिला घेऊनच ये.

तुझा मामा